सुब्बलक्ष्मी काय म्हणाली

पापनाशम्च्या वाटेवर बसमधून उतरून पाटाच्या कडेकडेनं दहा मिनिटं चाललं की पानमळे लागतात. त्या दिवशी वास्तुकलेच्या कॉलेजातली चौदा मुलं चालत होती, पाठीला पिशव्या, हातात वह्या, आणि मागे गुरुमूर्ति सर छत्री उघडून. पहिल्या मळ्याच्या बांधाशी येताच कीर्तीनं चपला काढल्या, जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी आत शिरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हरिणी बूट घालूनच आत गेली. वेलींच्या हिरव्या अंधारात चार पावलं पडली नाहीत तोच पानं खुडणारी एक बाई तमिळमध्ये ओरडली, "ए पाप्पा, ए पोरी, पायातलं बाहेर. वेल विटाळेल."

मग ती बाई कीर्तीच्या मातीनं भरलेल्या पायांकडे बघून हसली आणि शेजारणीला म्हणाली, "ही कुणाची गं? ही आपल्यातली दिसते."

हरिणी परत फिरली, बांधावर बसली आणि नाड्या सोडू लागली. कुंभकोणम्च्या थोरल्या बाजारात तिच्या वडिलांची, वेंकटेशरावांची, पानांची गादी होती. तिच्या अंगणात रोज पहाटे पानांच्या पाट्या उतरत. ती पानांच्या वासात रांगली, पानांच्या वासात शाळेत गेली, आणि त्या वासावरून वर्गातल्या मुलींनी चिडवल्यापासून तिनं तो वास आपल्या फ्रॉकवरून धुऊन काढायची सवय लावून घेतली. मळा मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. मळ्याला काय बघायचं? पानं आपली आपण दारात येत.

"तुला कसं ठाऊक?" तिनं कीर्तीला इंग्रजीत विचारलं.

"आमच्या मामांचा होता ना बेडगला, मिरजेजवळ. लहानपणी चपलेसकट शिरले म्हणून मामीनं असा धपाटा घातला होता." कीर्ती हादग्याच्या खोडावरून हात फिरवत होती. "आणि बघ ना, इथेही वेल हादग्यावरच चढवतात. मला वाटलं होतं, इतक्या लांब आल्यावर सगळंच वेगळं असेल."

कीर्ती सांगलीच्या कॉलेजातून अडीच महिन्यांसाठी आली होती. उन्हाळ्यात वसतिगृह बंद, म्हणून हरिणीनंच सरांना सांगितलं होतं की आमच्याकडे राहील, आमचे पूर्वज तिकडचेच, आम्ही घरात अजून मराठी बोलतो. सांगताना तिला अभिमान वाटला होता. त्याला आता महिना झाला.

काम असं होतं. मळ्यातल्या बायका पानं निवडायला उघड्यावर, झाडाखाली, कुठे गोणपाटाच्या आडोशाला बसत. त्यांच्यासाठी एक पडवी उभी करायची. चौदा जणांनी चौदा आराखडे करायचे, पण त्यातला एकच, बायका निवडतील तो, खरोखर बांधायचा. इथल्याच मातीचा, इथल्याच झाडांचा, आणि बायकांच्या हातांनी. तीन वर्षं हरिणी वर्गात पहिली येत होती. तिनं काढलेलं कागदावरून उठून जमिनीवर उभं राहिलेलं मात्र अजून एकदाही नव्हतं. पहिलं उभं राहील ते आपलंच, हे तिनं मनाशी धरलं होतं, आणि तेही आपल्या गावात.

*

घरी संध्याकाळी अप्पा पानं घेऊन बसले की कीर्ती त्यांच्या समोर मांडी घालून बसे. हरिणी आत टेबलाशी कमानी काढत बसे. भाजक्या विटांच्या, चुन्याच्या, एकीत एक गुंफलेल्या कमानी. दारातून दोघांचं बोलणं येई.

"हें कोवळें," अप्पा सांगत. "देठ मोडून पाहा. आवाज जाला तर आजचें. नाहीं जाला तर कालचें."

कीर्ती देठ मोडी. कान लावून ऐके.

"काका, आणि ओलं फडकं किती वेळ ठेवायचं?"

"तें फडकें सांगतें. मी कोण सांगणार?"

दोघंही हसत. अप्पा असे हसताना हरिणीला आठवत नव्हते. किंवा हसत असतील, ती खोलीत नसेल. तिनं कधी देठ मोडून आवाज ऐकला नव्हता. अप्पांनी तिला कधी ऐकायला सांगितलं नाही, की त्यांनी सांगितलं आणि ती उठून गेली? काही केल्या तिला ते आठवेना, आणि आठवत नाही याचाही राग तिला कीर्तीचाच आला.

पहिल्या आठवड्यात कीर्ती तिला म्हणाली होती, "तू किती गोड बोलतेस गं. अगदी बखरीतल्यासारखी." कीर्तीच्या बोलण्यात थट्टा नव्हती. तरी त्या रात्रीपासून हरिणी तिच्याशी इंग्रजीत बोलू लागली होती. अप्पांचं उलट झालं. कीर्तीसमोर ते जास्तच मराठी बोलू लागले. आजोळच्या जुन्या नात्यातलं कुणी दोनशे वर्षांनी भेटावं तसं तिच्या तोंडाकडे बघत.

एकदा निवडता निवडता कीर्ती गुणगुणली. मामी गायची म्हणे, पानं खुडताना.

माझ्या पानमळियात, वेल चढे हादग्याशी
दूरदेशीचं माहेर, उभं राहिलं उशाशी

अप्पांचा हात थांबला. अप्पांचा हात कधी थांबत नसे. वीज गेली तरी, बाहेर मिरवणूक गेली तरी, पानावर पान पडत राही.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

ती पुन्हा म्हणाली. त्यांनी डोळे पुसले आणि उगाच ओल्या फडक्याला दोष दिला.

आत हरिणीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिनं ते मोडलं. घर माझं, बाप माझा, पानं माझी, आणि उशाशी माहेर उभं राहिलं ते हिच्या. ती उठली, स्वयंपाकघरात आईपाशी गेली आणि म्हणाली, "तिला सांग, उद्यापासून अंगणात बसा म्हणावें. मज अभ्यासास आवाज होतो."

आईनं कॉफी दबऱ्याच्या वाटीतून टंबलरात उंचावरून ओतली, फेस बघितला, आणि म्हणाली, "आवाज केव्हाचा होतो, आणि तुज आज ऐकूं आला?"

*

निवड मळ्यातच झाली. जूनमध्ये पाटाला पाणी आलं होतं. हादग्यांखाली गोणपाटं अंथरून चौदा छोटी छोटी घरं मांडली, पुठ्ठ्याची, काड्यांची, मातीची. बायका एकेक बघत फिरल्या. ज्याचा त्यानं आपला आराखडा समजावून सांगायचा. कीर्तीला तमिळ येत नव्हतं, तेव्हा तिचं हरिणीनं सांगायचं असं ठरलं होतं. गुरुमूर्ति सर दुसऱ्या टोकाला एका मुलाच्या पडलेल्या छपराशी खटपट करत होते.

हरिणीच्या कमानींशी बायका थांबल्या. "देवळासारखं आहे," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "इथे बसायचं की हात जोडायचे?" आणि सगळ्या पुढे गेल्या.

कीर्तीच्या घराशी त्या खाली बसल्या.

त्याला खांबच नव्हते. मळ्याच्या कडेचे उभे हादगे, तेच खांब. त्यांना बांबूचे आडवे वासे, वर विणलेल्या झावळ्या. खाली चोपून काढलेली जमीन, आणि तिला लांबलचक उंचवटा, पाठ टेकून एक पाय पसरता येईल असा. पान निवडणारं माणूस एक पाय दुमडतं आणि एक पसरतं, हे कीर्तीनं अप्पांच्या समोर बसून बसून पाहिलं होतं. हरिणीनं जन्मभर पाहिलं होतं, पण तिला ते दिसलं नव्हतं. उत्तर, दक्षिण आणि पूर्व या तीन बाजूंना चटया सोडलेल्या. पश्चिमेची बाजू सगळी पाटाकडे उघडी.

निवडणाऱ्या बायकांत सुब्बलक्ष्मी सगळ्यांत जुनी. साठीची, तोंडात पान, बोटांची टोकं काळी पडलेली. तिनं ते छोटं घर उचललं, डोळ्याशी नेलं, फिरवलं. मग पश्चिमेच्या बाजूवर आपला अख्खा तळवा लावला.

"हे बंद कर म्हणावं. आडी महिना लागला की वारा इकडून येतो. एका दुपारीत सगळं पान चाटून काळं करतो. बाकी सगळं सोन्यासारखं आहे. पण ही बाजू बंद. सांग त्या पोरीला."

"काय म्हणाल्या?" कीर्तीनं विचारलं. ती गुडघ्यांवर उभी होती, दोन्ही हात मातीनं भरलेले, डोळे मोठे करून.

हरिणीच्या जिभेवर वाक्य होतं. सरळ होतं, चार शब्दांचं. तिनं तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणाली, "म्हणाली, ही बाजू फार आवडली. पाट दिसतो."

कीर्तीचं तोंड उजळलं. तिनं सुब्बलक्ष्मीकडे बघून मान हलवली, हो हो, नक्की, आणि छातीला हात लावला.

"कळलं तिला," सुब्बलक्ष्मी समाधानानं म्हणाली, आणि पानाची पिचकारी बांधापलीकडे टाकून उठली.

हरिणीनं योजून काही केलं नव्हतं. इतकंच तिच्या डोक्यात होतं की बाजू उघडीच राहतेय असं दिसलं की बायका हे नको म्हणतील. पण बायकांनी तर आपली अट सांगून टाकली होती, पोरीनं छातीला हात लावून ती कबूलही केली होती, आणि मग नको म्हणायला कारणच राहिलं नाही. पाऊण तासानं सगळ्या बायकांनी कीर्तीच्या घरापुढे एकेक पान ठेवलं. हरिणीच्या कमानींपुढे एक पान पडलं होतं. ते तिथल्या वेलीवरून गळलेलं होतं.

*

बांधकाम सुरू झालं. सकाळी सहाच्या बसनं जायचं, ऊन चढलं की परत. बांबू कापणं, झावळ्या विणणं, माती तुडवणं. हरिणी सगळ्यांहून जास्त राबली. तिच्या हातांना फोड आले. कीर्ती तिच्या बोटांना हळद लावून देई आणि म्हणे, "तू नसतीस तर मला इथे एक शब्द कळला नसता." हरिणी हात ओढून घेई.

सुब्बलक्ष्मी अधूनमधून येऊन विचारी, "पश्चिम कधी?" हरिणी म्हणे, "शेवटी." हेही खोटंच, पण आता एकामागून एक येत होतं, पानांची जुडी, कवळी, बांधताना पानामागून पान यावं तसं. आडी, म्हणजे तमिळ आषाढ, लागायला बारा दिवस उरले, मग नऊ, मग पाच.

पाच उरले त्या दिवशी संध्याकाळी कीर्तीनं घरी अप्पांपुढे आराखडा पसरला. अप्पांना आराखडा वाचता येत नसे. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला.

"पाट कोणीकडे?"

"हा इथे, काका."

"म्हणजे ही मावळत." अप्पांनी बोट ठेवलं. "ही उघडी कां ठेविलीस?"

"सुब्बलक्ष्मी अम्मांना फार आवडली. त्यांना निवडताना पाट बघायचाय."

अप्पा हसले. "सुब्बलक्ष्मी? पाट पाहाणार? तीस वर्षें मी तिची पानें घेतों. तिचा नवरा वारला त्या दिवशींहि तिणें मान वर करून पाहिलें नाहीं, आधीं पाटी पुरी केली." ते आणखी काही म्हणणार होते, पण त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या हरिणीवर गेली आणि हसू तिथेच राहिलं.

"तूंच होतीस ना मध्यें सांगावयास?" त्यांनी विचारलं.

"होतें."

अप्पांनी आराखडा गुंडाळला. अगदी सावकाश, कडा जुळवून. कीर्तीच्या हातात दिला. "उद्यां तिला पुन्हा एकदां विचार, लेकी," ते म्हणाले. "म्हातारी आहे. काय बोलली तें विसरली असेल." आणि पुन्हा पानाला लागले.

हरिणीला वाटलं होतं ते ओरडतील. तिच्याकडे बघतील तरी. त्यांनी पाटी ओढली, आणि देठ मोडण्याचे बारीक बारीक आवाज सुरू झाले. तिच्यासाठी त्यांनी एका म्हातारीला विसराळू केलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी कीर्तीनं विचारायच्या आधीच सुब्बलक्ष्मीनं विचारलं, आणि हरिणीला नाही, सरळ गुरुमूर्ति सरांना. पडवी जवळजवळ पुरी झाली होती. झावळ्यांतून उन्हाचे कवडसे चोपलेल्या जमिनीवर पडत होते. सात-आठ बायका बसूनही बघत होत्या, पाय पसरून, पाठ टेकून.

"साहेब, चार दिवसांवर आडी आली. ही बाजू बंद करायची ती कधी? मी पहिल्याच दिवशी सांगितलं. पोरगी हो म्हणाली."

सरांनी चष्मा वर केला आणि कीर्तीला इंग्रजीत विचारलं, "यांनी तुला ही बाजू बंद करायला सांगितली होती? मग केली का नाहीस?"

कीर्तीनं एकदा उघड्या बाजूकडे बघितलं. एकदा सुब्बलक्ष्मीकडे. मग हरिणीकडे बघितलं, आणि हरिणीला दिसलं की तिला कळलं. तिच्या तोंडावरचं सगळं थांबलं. ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या.

"माझी चूक, सर," ती म्हणाली. "मला नीट समजलं नाही. भाषा येत नाही ना."

सरांनी ते बायकांना तमिळमध्ये सांगितलं. बायकांनी च् च् केलं. "बिचारी, परक्या मुलखातली," एक म्हणाली. "हात बघा तिचे, कसे सोलवटलेत." सुब्बलक्ष्मीनं जवळ जाऊन तिच्या गालावरून काळी बोटं फिरवली. सर म्हणाले की चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आणि हे बाकीच्यांनी लक्षात ठेवावं.

हरिणी माती कालवत होती. तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. सुटले, असं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिचं अंग पेटलं. पडवी हिची, बायका हिच्या, अप्पांचं हसू हिचं. आता चूकही हिचीच, आणि तिच्यावरची माया हिची. मी केलेलं पापसुद्धा हिच्या हातात गेलं की गोड होऊन येतं. एवढं तरी माझं मला राहू दे.

ती उठली. चिखल निथळत होता.

"तिनें चूक केली नाहीं," ती मराठीत म्हणाली, आणि मग कुणालाच कळलं नाही हे लक्षात येऊन तमिळमध्ये म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "तिला मी सांगितलंच नाही. अम्मा म्हणाली बंद कर, मी सांगितलं अम्माला आवडलं. मुद्दाम सांगितलं. माझा आराखडा निवडला जावा म्हणून."

सरांची छत्री हातातून खाली टेकली. एका बाईच्या मांडीवरचं पान घरंगळलं, ते तिनं उचललं नाही. पाटाचं पाणी मात्र वाहत होतं.

सुब्बलक्ष्मी कमरेवर हात ठेवून हरिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिली.

"वेंकटेशरावांची ना तू?"

"हो."

"तरीच म्हटलं," ती म्हणाली, "ती पोरगी हसत हसत हो कशी म्हणाली. केलेलं घर बदल म्हटल्यावर कुणी हसतं का?" मग पिचकारी टाकली. "माझी पानं जळाली असती तर मी तुझ्या बापाच्या दारात बसून छाती पिटली असती. आता चार दिवसांत भिंत हवी. हादग्याच्या काठ्या, केळीच्या सोपटाची दोरी, वर मातीचा लेप. मी दाखवते. माती तू तुडव. एकटी." आणि कीर्तीकडे हनुवटी करून, "हिला विचार, चालेल का."

सगळ्या हरिणीकडे बघू लागल्या.

हरिणीनं कीर्तीकडे तोंड केलं. इंग्रजी तिला सुचलं नाही. घरच्या बोलीत, एकेक शब्द वेगळा काढून ती म्हणाली, "अम्मा म्हणते, हादग्याच्या काठ्यांची भिंत करूं. माती मी एकटीनें तुडवायची. चार दिवसांत. तुज चालेल का, म्हणून विचारते. आणि म्हणाली, पानें जळालीं असतीं तर आमच्या दारांत येऊन छाती पिटली असती."

कीर्तीचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "मी तुला वाचवलं होतं," ती म्हणाली. "तेही तुला माझ्या हातून नको होतं?"

"नको होतें."

कीर्तीनं मान फिरवली. ती उघड्या बाजूशी गेली, हादग्याला हात लावला. मग म्हणाली, "भिंत चालेल म्हणावं. मला आधीच सांगितलं असतं तर मीच केली असती. आणि त्यांना सांग, मला यापुढे दुसरी दुभाषी हवी."

हे न सांगता राहता आलं असतं. भिंत चालेल एवढंच सांगून भागलं असतं. हरिणीनं हातावरचा चिखल कमरेला पुसला आणि सगळं तमिळमध्ये सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

बायका हसू लागल्या. आधी एक, मग सगळ्या.

"दुसरी कुठून आणू?" सुब्बलक्ष्मी म्हणाली. "सांग तिला, या मळ्यात मराठी येणारी एवढीच आहे, खोटारडी. हिच्यावरच भागवून घे."

हरिणीनं तेही सांगितलं. खोटारडी हा शब्द तिनं गाळला नाही, हळूही म्हटला नाही.

कीर्तीच्या नाकातून एक आवाज निघाला, हसल्यासारखा, आणि तिनं तो लगेच दाबला. पण सुब्बलक्ष्मीनं तो पकडला, तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, मधे कुणीही नसताना. हरिणीला पुन्हा तोच हेवा टोचला, होता तसाच, पुरता धारदार. ती वाकली, चिखलात पाय घातले, आणि तुडवू लागली.